माऊथ ऑर्गनच्या मापाची कवळी

मला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत, दातांनी राहतात. धंद्याची खोड आहे, इलाज नाही. लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी समोर येऊन "ओळखलंस का?" म्हणतं तेव्हा मी गोंधळलेलीच असते. पण तो माणूस हसला, त्याचा वाकडा सुळा दिसला, की मला त्याचं नाव, गाव, त्याच्या बायकोचं रूट कॅनाल, सगळं आठवतं. मात्र ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे त्यांचे दात मला ओळख झाल्यावर बरीच वर्षं धड बघायलाच मिळाले नाहीत. त्यांच्या तोंडापुढे एकतर माऊथ ऑर्गन असायचा, नाहीतर हात. ते माझ्या दवाखान्याचे जागामालक होते.

अंधेरी पूर्वेला मेट्रोच्या खांबांच्या आणि काचेच्या ऑफिसांच्या मागे जुन्या ख्रिश्चन वस्तीचं एक गावठाण आहे. रिक्षावाले नाक्यावरच्या क्रुसापर्यंत येतात आणि पुढे गल्ली अरुंद आहे म्हणून तिथेच उतरवतात. तिथून चालत गेलं की डाव्या हाताला एक कौलारू घर, पुढे ओटा, बाजूला लोखंडी जाळी घातलेली विहीर. या घराची रस्त्याकडची खोली भाड्याने द्यायची होती. मी नुकतीच डिग्री घेऊन बाहेर पडले होते आणि आमच्या चारकोपला प्रत्येक सेक्टरमध्ये इतके डेंटिस्ट झाले होते की लोकांचे दात पुरले नसते. म्हणून जागा शोधत मी एवढ्या लांब आले.

सगळं गावठाण त्यांना अंकल म्हणायचं. अंकलनी मला माझी जात विचारली नाही, लग्न कधी करणार विचारलं नाही. जो माणूस जागा दाखवताना हे दोन्ही विचारत नाही तो मुंबईत विरळाच, म्हणून मी तिथल्या तिथे खूश झाले. त्यांनी एकच विचारलं. दातांची मशीन आवाज करते ना? मी म्हटलं, करते.

"मग संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ती बंद ठेवायची," अंकल म्हणाले. "तेव्हा मी वाजवतो. तुझी मशीन वरच्या सुरात वराडते, माझ्याशी जुळत नाय."

ही अट भाडेकराराच्या कागदात नव्हती, पण करारातल्या बाकीच्या कलमांपेक्षा कसोशीने पाळली गेली. घंटा झाली की मी ड्रिल खाली ठेवायचे. पेशंट खुर्चीत आडवा, तोंड उघडं, गालात कापूस, आणि बाहेर ओट्यावर अंकल उभे. पांढरा सदरा, खाली अर्धी चड्डी, एक पाय पुढे. एका ऑफिसातल्या साहेबांनी एकदा कापसातूनच विचारलं होतं की हे किती वेळ चालणार. मी खिडकीतून डोकावून विचारलं आणि आत येऊन सांगितलं की आज दोन नाच आहेत. साहेबांनी डोळे मिटले. नंतर त्यांनी आपल्या ऑफिसातले आणखी पेशंट पाठवले, आणि सगळ्यांना संध्याकाळचीच वेळ हवी असायची.

अंकल वाजवायचे ते जर्मन नाच. जर्मनीतल्या खेड्यापाड्यांतले, शेतकऱ्यांचे, गुराख्यांचे. दुसरं काही नाही. हिंदी सिनेमाची गाणी नाहीत, चर्चमधली नाहीत, अगदी वाढदिवसाचं गाणंसुद्धा नाही. त्यांचा एक मामा जहाजावर खलाशी होता. अंकल शाळेत असताना त्याने कुठल्याशा जर्मन बंदरातून हा माऊथ ऑर्गन आणला. पत्र्याचा डबा, आत वाद्य आणि वाद्याखाली घडी घातलेला एक कागद. कागदावर पाचसहा गाणी होती, पण सुरांत लिहिलेली नव्हती. नुसते आकडे आणि बाण. आकडा म्हणजे कितवं भोक, बाण वर असेल तर फुंकायचं, खाली असेल तर श्वास आत ओढायचा. बाकीचा मजकूर जर्मनमध्ये होता आणि अंकलना जर्मनचा ज सुद्धा येत नव्हता. पण आकडे आणि बाण वाचायला काय लागतं?

त्यामुळे झालं असं की हा माणूस ती गाणी कुणाच्याही तोंडून कधीही न ऐकता शिकला. सूर कागदाने दिले. लय कुणी दिली? तर डब्याच्या झाकणाने. झाकणावर एक रंगीत चित्र होतं. मागे डोंगर, टोकदार छपरांची घरं, मधल्या चौकात गरगर फिरणाऱ्या घेरदार झग्यांच्या बायका आणि पिंपावर उभा राहून गुडघा वर करून माऊथ ऑर्गन वाजवणारा एक गडी. अंकलना जर्मनीविषयी जे काही माहीत होतं ते बव्हंशी या झाकणावरून. चित्रात सगळे नाचताहेत, म्हणजे ही सगळी गाणी नाचाची. आणि नाचाची म्हणजे गावठाणातल्या लग्नात घुमटावर जो ठेका धरतात, तोच ठेका. घुमट म्हणजे त्यांच्याकडचं मडक्याचं वाद्य, एका तोंडाला कातडं ताणलेलं. तर जर्मन सूर घुमटाच्या ठेक्यावर चढवून अंकलनी पन्नासेक वर्षं गावठाणाला नाचवलं. बहिणींच्या लग्नात, पुतण्यांच्या लग्नात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लग्नात.

कुणी खुर्ची पुढे केली की ते रागवायचे. "हे बसून वाजवायचं वाद्य नाय," म्हणायचे. "झाकण बघ. कोण बसलाय?"

दवाखान्याच्या उद्घाटनाला माझी आई चारकोपहून आली होती. पूजा आटोपली, घंटा झाली आणि ओट्यावर हे सुरू झाले, एक गुडघा वर, एक खाली. आईने पडद्याआडून बराच वेळ बघितलं आणि मला हळूच विचारलं, "ह्यो माणूस येडो आसा काय गो?" मी म्हटलं, माहीत नाही, पण जागा चांगली आहे. थोड्या वेळाने बघते तर आईचं बोट पूजेच्या तबकावर ठेका धरत होतं.

समोरच्या बिल्डिंगमधले एक काका एकदा हौसेने आले आणि एका जुन्या मराठी भावगीताची फर्माईश केली. अंकल म्हणाले, वाजवता येणार नाही, खालच्या सप्तकात म आणि ध नाहीत. काकांना वाटलं वाद्य बिघडलंय. ते दुरुस्त करून द्यायला निघाले. मग अंकलनी त्यांना ओट्यावर बसवून जे सांगितलं ते मी दाराशी हातमोजे काढता काढता ऐकलं, म्हणून अजून लक्षात आहे. ते दोन सूर जाणूनबुजून गाळले आहेत. का, तर तिथल्या खेड्यातला माणूस दिवसभर राबून येणार, बोटं जाडजूड झालेली, त्याला व्हायोलिन कोण शिकवणार? त्याच्या खिशात हे ठेवलं. कुठेही फुंकलं तरी तीन सूर एकदम वाजतात आणि तिघं आपसात भांडत नाहीत. नाचाला साथ तयार. भांडणारे दोघं होते त्यांना बाहेर ठेवलं.

काका म्हणाले की पण मग गाणं अपुरं राहतं. अंकल म्हणाले, "गाणं अपुरं राहू दे. नाच अपुरा नाय राहिला पायजे."

अंकल आणखी एक गोष्ट सांगायचे. बाकीच्या वाजवणाऱ्यांना श्वास घ्यायला गाणं थांबवावं लागतं. इथे श्वास आत घेतला तरी सूर, बाहेर सोडला तरी सूर. खुर्चीत घाबरून श्वास रोखून बसलेल्या पेशंटला खिडकीतून हे ऐकवायचे आणि पेशंट हसला की मी इंजेक्शन देऊन मोकळी व्हायचे. सुईपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होता. मात्र माऊथ ऑर्गन कुणाच्या हातात देत नसत. त्यांच्या मुलीने लहानपणी एकदा मागितला तेव्हा म्हणे त्यांनी विचारलं होतं, तुझा टूथब्रश तू कोणाला देतेस का? दातांच्या बाबतीत आमचं दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट.

कारण बाकी सगळे मतभेदच होते. माझ्या दारापासून त्यांचं दार चार पावलांवर आणि हा माणूस मला तोंड दाखवायला तयार नाही. हसताना हात आडवा. तरी एकदा आंटींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फणसाच्या आठळ्या उकडून आणल्या होत्या तेव्हा त्या चावताना मी बघितलंच. वरचे पुढचे दात वाऱ्यावर हलल्यासारखे हलत होते. मागचे तर कधीच गेले होते. मी हात जोडून म्हटलं, अंकल, हिरड्यांनी साथ सोडलीय, हे काढावे लागतील. ते म्हणाले, "दात गेले तर जीभ कशाच्या आधाराने ठेवू?"

हा त्यांचा खरा मुद्दा होता, आणि तो मला समजायला वेळ लागला. ते फुंकताना जिभेने डावीकडची भोकं झाकून ठेवायचे आणि उजव्या कडेने चाल वाजवायचे. मधेमधे ठेक्यावर जीभ उचलली की झाकलेले सूर एकदम उघडायचे आणि पुम्-पा, पुम्-पा अशी साथ निघायची. एक माणूस, एक वाद्य, पण ऐकणाऱ्याला वाटावं दोघं वाजवताहेत. ही जीभ वरच्या दातांच्या मागे टेकून उभी असायची. त्यांच्या मते दात हा माऊथ ऑर्गनचाच भाग होता, फक्त डब्यात मावत नव्हता एवढंच.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगी एकुलती एक. मुलगा वसईकडचा, त्यांच्यातलाच, आणि नोकरीला कुठे, तर जर्मनीत. लग्न झालं की ही पण तिकडे जाणार. ही बातमी अंकलनी गल्लीत एकेका दारात उभं राहून सांगितली. झाकणावरच्या देशातून सोयरीक आली होती. लग्न जानेवारीत आणि आदल्या दिवशी संध्याकाळी उंबराचं पाणी.

उंबराचं पाणी ही त्यांच्याकडची जुनी रीत. मांडवात उंबराची फांदी रोवायची आणि घरातल्या बायकांनी लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायचं. हल्ली बऱ्याच ठिकाणी विहिरीच उरल्या नाहीत, लोक ड्रममध्ये नळाचं पाणी भरून त्याभोवती फिरतात. अंकलची विहीर शाबूत होती. वर्षभर जाळीला कुलूप, त्या दिवशी उघडायची. बँड सगळ्यांकडे असतो, यांच्याकडेही असायचा, पण विहिरीभोवतीचे पहिले फेरे बँडने गप्प उभं राहायचं आणि अंकलनी वाजवायचं. त्यांच्या घरातली ही पद्धत त्यांनीच पाडली होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती.

आणि गणपती गेल्यावर एका संध्याकाळी वाजवून झालं, त्यांनी सवयीप्रमाणे आतली थुंकी झटकायला माऊथ ऑर्गन तळव्यावर आपटला, तर तळव्यावर दात.

रुमालात दात घेऊन ते दवाखान्यात आले. पहिल्यांदा पेशंट म्हणून. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी मला विचारलं, आणि तेव्हा त्यांचा हात तोंडापुढे नव्हता.

"मना एवढंच सांग, डॉक्टर. जानेवारीत विहिरीवर वाजवीन का नाय?"

शहाण्या डॉक्टरने अशा वेळी बघू, प्रयत्न करू, असं म्हणायचं असतं. मी म्हटलं, वाजवाल. म्हणून गेले खरी, आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली.

उरलेले वरचे दात काढले. हिरड्या भरून यायला वेळ द्यावा लागतो, त्याशिवाय कवळी बसत नाही. त्या काळात त्यांनी एकदा वाजवून बघितलं, हिरडीला कळ आली, त्यांनी वाद्य डब्यात ठेवलं आणि डबा देवाच्या फोटोमागे. घंटा व्हायची, मी सवयीने ड्रिल खाली ठेवायचे, आणि बाहेर काहीच नाही. अंकल ओट्यावर चक्क बसलेले. मग मी ड्रिल पुन्हा उचलायचे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी मशीन खरंच वराडते. गल्लीतले लोक मला भाजीवाल्यासमोर अडवून विचारायचे की अंकलचं कुठवर आलं, जणू मी त्यांना कुठे लपवून ठेवलं होतं. मला त्यांची इतकी आठवण यायची, माणूस चार पावलांवर असताना.

कवळी तयार झाली की पेशंटला बोलायला लावतात. स म्हणा, फ म्हणा, आकडे मोजा. जीभ कुठे अडते ते कळतं आणि तिथे घासून कमी करतात. मी अंकलना म्हटलं, डबा घेऊन या. मला वाटत नाही कुठल्या कॉलेजात हे शिकवत असतील. ते खुर्चीत, वर माझा दिवा, तोंडात नवी कवळी आणि ओठांना माऊथ ऑर्गन. वाजवायचे, थांबायचे, जीभ इथे अडते म्हणून बोटाने दाखवायचे. मी कवळी काढून टाळूकडची बाजू थोडी घासायची, धुऊन पुन्हा बसवायची. फुंकताना बरी बसायची, पण श्वास आत ओढला की सुटायची. कड पुन्हा पुन्हा जुळवली. आठवड्यातल्या कितीतरी दुपारी आम्ही यात घालवल्या. कवळी तोंडाच्या मापाची सगळेच करतात, मी माऊथ ऑर्गनच्या मापाची करत होते.

खुर्चीत बसून वाजवायला त्यांची तक्रार होतीच. पण उभ्या माणसाच्या तोंडात मला दिसणार काय? मी दामटून बसवलं. वर म्हटलं, सावकाश वाजवा, जीभ कुठे जाते ते मला बघायचंय.

"इतकं सावकाश?" ते वैतागले. "लोक झोपतील."

तरी वाजवलं. त्यांचं सगळ्यात लाडकं, विहिरीवरच्या पहिल्या फेऱ्याचं गाणं, एकेक सूर सुटा करून. बाहेर बाकावर एक बाई तीनचार वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीने दवाखान्याची पायरी चढल्यापासून आकांत मांडला होता. मी मधे डोकावले तर पोरगी आईच्या खांद्यावर गाढ झोपलेली. रडून दमली असेल म्हटलं, आणि पुन्हा कवळीकडे वळले. शेवटच्या दिवशी पूर्ण गाणं न अडखळता वाजलं. आत ओढलं तरी कवळी हलली नाही. आंटी दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मला फुग्यांचा डबा दिला. मैद्याच्या त्या गोल फुगलेल्या फुग्या खात मी घरी गेले. इतकं झकास काम मी आधी केलं नव्हतं आणि मला ते चांगलंच ठाऊक होतं.

उंबराच्या पाण्याच्या संध्याकाळी गल्ली गच्च भरली होती. मलाही आंटींनी लाल चौकड्यांचं लुगडं नेसवलं. जावयाबरोबर त्याची तिकडची घरमालकीण लग्नाला आली होती. सत्तरीची, उंच, केस पांढरे आणि बारीक कापलेले. तिलाही लुगडं नेसवलं होतं आणि ती ते दोन्ही हातांनी धरून चालत होती. ही पहिलीच खरीखुरी जर्मन व्यक्ती अंकल आपल्या डोळ्यांनी बघत होते. त्यांनी झाकण पुसून तिला दाखवायला बाहेर आणून ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन दात दाखवले, हात आडवा न धरता, आणि म्हणाले की आज जर्मनीसमोर वाजवायचंय.

जाळी उघडली. बायका कळशा घेऊन रांगेत, मधे नवरी, घुमटवाला तयार, बँड गप्प. अंकलनी पाय पुढे टाकला आणि सुरू केलं. सूर स्वच्छ आला. घुमटावर थाप पडली, रांग हलली, आणि अंकलनी झाकणावरच्या गड्यासारखा गुडघा वर उचलून उडी मारली.

खट्.

कवळी सुटली. सूर फाटला आणि थांबला. घुमटही थांबला. मला तेव्हाच्या तेव्हा कळलं की मी काय केलं होतं. वर्षानुवर्षं हा माणूस मला सांगत होता की हे बसून वाजवायचं वाद्य नाही, आणि मी त्याला खुर्चीत बसवून त्याची कवळी जुळवली होती. नाचताना ती तपासायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. गल्ली अख्खी बघत होती. नवरी कमरेवर कळशी घेऊन उभी. विहिरीत उडी मारावी असं मला वाटलं, आणि जाळी उघडीच होती.

अंकलनी आमच्याकडे पाठ केली. खिशातून रुमाल काढला, काहीतरी केलं, रुमाल पुन्हा खिशात ठेवला. वळले तेव्हा गाल आत गेले होते आणि वरचा ओठ बसला होता. तसाच माऊथ ऑर्गन लावला आणि फुंकला.

काय सांगू. सूर आधीपेक्षा भरदार होता. एव्हाना हिरड्या पक्क्या झाल्या होत्या, आणि दात गेल्यामुळे तोंडात जी जागा झाली होती तिच्यात सूर घुमत होता. जीभ आपली आपण टेकायची जागा शोधून मोकळी झाली. पुम्-पा, पुम्-पा. घुमटवाला ओरडला, रांग सुटली, आणि अंकल विहिरीभोवती उड्या मारत निघाले. इतके दिवस माझ्या लाडक्या कवळीच्या टाळूकडच्या कडेने त्या सुराची वाट अडवली होती. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही मी करून घेतलं.

फेरा संपला तेव्हा लक्षात आलं की जर्मन बाई गालाला हात लावून उभी राहिली आहे. ती जावयाशी काहीतरी बोलली. आंटींनी विचारलं, काय म्हणते ती? तो म्हणाला, काही नाही, आवडलं तिला. आंटी त्याला सोडणाऱ्या नव्हत्या. शेवटी तो अंकलकडे न बघता म्हणाला, "ती म्हणते, हे गाणं तिची आजी म्हणायची. पोरांना झोपवताना."

क्षणभर कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मग नवरीच आधी हसली. म्हणजे माझ्या सगळ्या आत्या अंगाईवर नाचून सासरी गेल्या, ती म्हणाली, आणि मग विहिरीभोवतीची अख्खी गल्ली हसत सुटली. अंकल हसले नाहीत. ते ओट्यावरच्या झाकणाकडे बघत होते.

"त्यावर सगळी नाचतात ना," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही.

मला ते बघवेना. मी जवळ गेले आणि म्हटलं, "अंकल, दवाखान्यात ती रडणारी पोरगी आठवते? तुम्ही सावकाश वाजवलंत आणि ती झोपली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जावयाला म्हणाले, हिला विचार, किती सावकाश. त्याने विचारलं. ती विहिरीच्या कठड्याशी वाकली आणि तळहाताने दगड थोपटायला लागली, मूल थोपटावं तसा. अंकल कठड्यावर बसले. आपणहून बसून वाजवताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. तिच्या थोपटण्यावर त्यांनी ते गाणं वाजवलं, आत श्वास, बाहेर श्वास. बाई बारीक आवाजात म्हणत होती. शब्द आमच्यात कुणाला कळत नव्हते, आणि अडतही नव्हतं. नवरीने कळशी खाली ठेवली, बापाशेजारी बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्न झालं की ती त्या गाण्याच्या देशात जाणार होती. ती झोपली नाही, पण गाणं संपेपर्यंत तिने डोळे मिटून घेतले होते. आंटी मला घट्ट धरून उभ्या होत्या.

गाणं संपलं. अंकलनी माऊथ ऑर्गन तळव्यावर आपटला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठले.

"असं पण चांगलं हाय," बोळक्या तोंडाने ते म्हणाले. "पण पाणी न्यायचं राहिलंय."

पाय आपटला आणि तीच अंगाई पुन्हा सुरू केली, त्यांच्या नाचाच्या ठेक्यात. बाईने लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं आणि ती झाकणावरच्या बायकांसारखी गरगर फिरायला लागली. बँडवाल्यांना आता राहवेना, तेही घुसले. माझ्यासमोरून जाताना अंकलनी मला डोळा मारला आणि छातीवरच्या खिशावर हात ठेवला. इतकी वर्षं त्या खिशात माऊथ ऑर्गन असायचा. आता रुमालात गुंडाळलेली माझी कवळी होती, आणि अंकल नाचत होते.